शिवसागरापलीकडचे अरण्य : वासोट्याची एक दिवसाची वाट

सांगलीच्या गणपती पेठेत पावसाळ्यात दोन आकडे प्रत्येक दुकानदाराच्या ओठांवर असतात. एक आयर्विन पुलाजवळच्या पाणीपातळीचा, दुसरा कोयना धरणातून सोडलेल्या विसर्गाचा. पुलाजवळ ४० फूट पाणी झाले की इशारा, ४५ फूट झाले की धोका. या दोन आकड्यांवरून पोती फळीवर ठेवायची की थेट माळ्यावर चढवायची, हे ठरते.

ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेची पातळी ५७ फुटांच्या वर गेली. पेठेतील किराणा-भुसाराच्या एका जुन्या दुकानात तेव्हा माळाही उपयोगी पडला नाही. साखर विरघळून गेली, बारदान तेवढे उरले. गुळाच्या ढेपांचे पाणी झाले. वडिलांच्या हातच्या खातेवह्यांचा लगदा झाला. कृष्णा, कोयना, वारणा या साऱ्याच खोऱ्यांत त्या आठवड्यात असाधारण पाऊस कोसळला होता आणि दोष एकट्या कोयनेचा नव्हता, हे दुकानाच्या ज्येष्ठ मालकांना ठाऊक होते. तरीही तेव्हापासून ते ‘कोयना’ हा शब्द बुडीत खात्याचे नाव घ्यावे तसा घेत.

पदवीच्या शेवटच्या वर्षाला असलेल्या नातीने एके दिवशी त्यांना म्हटले, “आजोबा, ज्या पाण्याचा आकडा आपण रोज विचारतो, ते पाणी तुम्ही कधी पाहिलंय का?”

चौऱ्याहत्तर वर्षांच्या आजोबांनी ते पाहिले नव्हते. म्हणून डिसेंबरातल्या एका रविवारी आजोबा, मुलगा, सून, नात आणि बारा वर्षांचा नातू असे पाच जण पहाटे चार वाजता घराबाहेर पडले. जायचे होते वासोट्याला. कोयनेच्या जलाशयापलीकडे, घनदाट अरण्याच्या माथ्यावर उभा असलेला हा किल्ला सातारा जिल्ह्यात आहे. होडीने पाणी ओलांडायचे, वाटाड्यासोबत जंगल चढायचे आणि सूर्य मावळण्यापूर्वी पुन्हा काठावर यायचे, अशी ही एका दिवसाची यात्रा असते.

नदीच्या उलट दिशेने

सांगलीहून साताऱ्याकडे जाणे म्हणजे नदीच्या उलट दिशेने जाणे. कृष्णा आणि कोयना या दोघीही महाबळेश्वरात उगम पावतात. कृष्णा वाईकडे उतरते. कोयना सह्याद्रीच्या कुशीतून दक्षिणेकडे वाहत जाते, हेळवाकजवळ पूर्वेला वळते आणि कराडला कृष्णेस मिळते. तोच प्रीतिसंगम. तेथून पुढे सांगलीला येते ते दोघींचे एकत्र पाणी. कराडजवळ कोयनेचा पूल ओलांडला तेव्हा उजाडत होते. पुलाखालचा शांत, रोडावलेला प्रवाह पाहून नातवाला हीच नदी दुकानात शिरली होती यावर विश्वास बसेना.

साताऱ्याहून कासच्या पठारामार्गे बामणोली ३५ ते ४० किलोमीटर आहे. पठारावरील फुलांचा हंगाम संपला होता आणि वाळलेले गवत उन्हात पिवळे दिसत होते. सातारा शहराला पाणी पुरवणारा कास तलाव मागे पडला आणि वळणावळणाने उतरणाऱ्या रस्त्याच्या टोकाशी अचानक निळे पाणी पसरले. हाच शिवसागर, म्हणजे कोयना धरणाचा जलाशय. धरणाची भिंत येथून दूर दक्षिणेस कोयनानगरजवळ आहे. जलाशयाची लांबी सुमारे ५० किलोमीटर असून त्यात सुमारे १०५ टीएमसी पाणी मावते. एक टीएमसी म्हणजे एक अब्ज घनफूट.

या पाण्याचा मोठा भाग सांगलीकडे येतच नाही. डोंगराच्या पोटातील बोगद्यांतून तो पश्चिमेला कोकणाच्या बाजूस सोडला जातो. शेकडो मीटरच्या त्या उतारावर वीज तयार होते आणि नंतर पाणी वाशिष्ठी नदीतून अरबी समुद्रास मिळते. कोयनेच्या सर्व टप्प्यांची एकत्रित क्षमता १९०० मेगावॉटहून अधिक आहे. पूर्वेकडे बंगालच्या उपसागराला जाणारी नदी माणसाने अर्धीअधिक पश्चिमेला वळवली, ती या विजेसाठी.

पाण्याखालची गावे

होडी एक तरुण चालवत होता. त्याचे वडील सवयीने मागच्या बाजूस बसले होते. सारे त्यांना तात्या म्हणत. सर्वांनी तरंगजाकिटे चढवली आणि होडी काठ सोडून निघाली. दोन्ही बाजूंच्या डोंगरांवर झाडी दाटत चालली होती. पाण्याला तळ असावा असे वाटतच नव्हते.

अर्ध्या वाटेवर तात्यांनी हात लांब करून पाण्याकडे बोट दाखवले. “हितं खाली आमचं गाव हाय.”

‘होतं’ असे ते म्हणाले नाहीत.

१९६०च्या दशकाच्या आरंभी कोयनेत पाणी अडवले गेले, तेव्हा शंभराच्या आसपास गावांना त्याची झळ लागली. काही गावे वर सरकून काठावर वसली. अनेक कुटुंबे दूरच्या तालुक्यांत आणि परजिल्ह्यांत गेली. प्रकल्पग्रस्तांच्या पुनर्वसनाचा कायदा महाराष्ट्रात झाला तो १९७६ साली. कोयनेची माणसे त्याआधीच उठली होती. त्यांतील कित्येकांच्या जमिनीचा प्रश्न दोन पिढ्यांनंतरही आंदोलनांतून पुढे येत राहिला. त्यातच ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनानगर परिसरात मोठा भूकंप झाला आणि सुमारे १८० माणसे दगावली. पुढे १९८५ मध्ये कोयना अभयारण्य झाले. २०१० मध्ये कोयना आणि चांदोली मिळून सह्याद्री व्याघ्र प्रकल्प घोषित झाला, तेव्हा आणखी वस्त्यांना जंगल सोडावे लागले. आज हा प्रकल्प सातारा, सांगली, कोल्हापूर आणि रत्नागिरी या चार जिल्ह्यांत मिळून सुमारे ११६५ चौरस किलोमीटर क्षेत्रावर पसरला आहे.

तास-दीड तासाने होडी पलीकडच्या काठाला लागली. येथे मेट इंदवली हे गाव होते. आता वनखात्याची चौकी आहे आणि तिच्या मागून अरण्य सुरू होते.

आवक-जावक

चौकीवर नावे लिहून झाल्यावर पिशव्या उघडायला सांगितले गेले. पाण्याच्या बाटल्या, खाऊची वेष्टने, प्लॅस्टिकच्या पिशव्या मोजून नोंदवहीत आकडा मांडला गेला. परतताना तेवढेच नग दाखवायचे होते. “हे तर आपलं आवक-जावक रजिस्टरच झालं,” मुलगा हसून म्हणाला.

आजोबांच्या गुडघ्यांना चढ झेपणारा नव्हता. ते तात्यांसोबत काठावर थांबले. बाकीचे चौघे वाटाड्याच्या मागे निघाले. चाळिशीतला, मितभाषी असा तो गृहस्थ याच खोऱ्यातला. त्याने आरंभीच तीन गोष्टी सांगितल्या. वाट सोडायची नाही. मोठ्याने बोलायचे नाही. काही तोडायचे नाही आणि काही उचलायचेही नाही.

पहिला ओढा ओलांडला. गणपती आणि मारुतीच्या मूर्तींना नमस्कार करून वाट झाडीत शिरली आणि दहा पावलांत ऊन नाहीसे झाले. जांभूळ, अंजनी, पिसा, आंबा यांच्या फांद्या वर एकमेकींत गुंतल्या होत्या. शिकेकाईचे आणि गारंबीचे वेल दोरखंडासारखे लोंबत होते. एका खोडावर अस्वलाच्या नखांचे उभे ओरखडे होते. ते पाहिल्यावर नातू आईच्या अगदी जवळून चालू लागला.

एका झाडाखाली सून थबकली. जमिनीवर पिवळसर, कंगोरेदार फळे पडली होती. “हा हिरडा ना?” दुकानात हिरड्याची पोती येत. निवडण्यात, तोलण्यात तिची वीस वर्षे गेली होती, पण हिरड्याचे झाड ती प्रथमच पाहत होती. तिने मान वर करून ते बराच वेळ न्याहाळले. सवयीने फळ उचलायला हात पुढे झाला आणि तसाच मागे आला. वाटाड्या म्हणाला, “वहिनी, हे भेकराचं आणि सांबराचं खाणं आहे.”

थोडे वर गेल्यावर त्याने सर्वांना थांबवले. वाटेकडेचा पालापाचोळा त्याने तळहाताने बाजूला केला. वरची पाने करकरीत वाळलेली होती. चार बोटांखाली माती काळी आणि गार होती, डिसेंबरातही ओलसर. नातवाने त्यात बोट घातले. या डोंगरमाथ्यावर वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. उघड्या उतारावरचे पाणी माती घेऊन धावते. झाडीवर पडलेले पाणी आधी पानांवर, मग पाचोळ्यावर आणि मग मुळांत मुरते, आणि झऱ्यांतून महिनोन्‌महिने हळूहळू सुटते. ढगफुटीसारख्या पावसाला कोणतेही जंगल अडवू शकत नाही. पण नेहमीच्या पावसाला ते सबुरी शिकवते आणि जलाशयात गाळ उतरू देत नाही. सांगलीच्या नळाला उन्हाळ्यात येणाऱ्या पाण्यात या ओल्या मातीचाही वाटा आहे.

वाटेत एका ठिकाणी झाडीत दगडी जोते दिसले. चौकोनी, नीट रचलेले, आणि त्याच्या मधोमध एक उंच वृक्ष. ज्या वनाला शहरातून आलेला माणूस ‘आदिम’ म्हणतो, त्यातील काही भाग कोणाच्या तरी अंगणात उगवला आहे. वाटाड्या तेथे थांबला नाही. नात मात्र क्षणभर मागे रेंगाळली.

तेवढ्यात वर फांद्या हलल्या. लांब शेपटीचे, तांबूस-तपकिरी शेकरू एका झाडावरून दुसऱ्या झाडावर झेपावले आणि पानांत मिसळून गेले. महाराष्ट्राचा हा राज्यप्राणी जमिनीवर क्वचितच उतरतो. झाडांचे माथे एकमेकांना लागलेले असतील तरच त्याची वाट शाबूत राहते.

व्याघ्रगड

सुमारे दोन तासांच्या चढणीनंतर किल्ल्याचा दरवाजा आला. वर छप्पर नसलेले मारुतीचे मंदिर, पाण्याची टाकी, वाड्याचे अवशेष, चुन्याचा घाणा आणि महादेवाचे मंदिर आहे. १६६० मध्ये वासोटा शिवाजी महाराजांच्या ताब्यात आला आणि त्याला ‘व्याघ्रगड’ हे नाव मिळाले. तीन बाजूंनी अरण्य आणि चौथ्या बाजूला कडा, अशा या जागेचा उपयोग कैदखाना म्हणूनही झाला. पन्हाळ्याच्या वेढ्यात सिद्दी जौहरला तोफांची मदत करणाऱ्या राजापूरच्या इंग्रज वखारवाल्यांना १६६१ मध्ये पकडण्यात आले, तेव्हा त्यांतील काहींना येथे ठेवले होते. व्यापाऱ्याने व्यापार सोडून दुसऱ्याच्या युद्धात उडी घेतली की काय होते, याचा हा जुना दाखला.

एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी ताई तेलिणीने हा किल्ला पंतप्रतिनिधींच्या बाजूने पेशव्यांचे सरदार बापू गोखले यांच्याविरुद्ध लढवला आणि त्यांना दीर्घकाळ झुंजवले. एप्रिल १८१८ मध्ये इंग्रजांनी शेजारच्या जुन्या वासोट्यावरून तोफा डागून किल्ला घेतला. ताई तेलिणीची हकीकत ऐकताना नातू पहिल्यांदाच चालण्याचा थकवा विसरला.

पश्चिमेला बाबुकडा आहे. काठाशी पोटावर झोपूनच खाली पाहायचे, असे वाटाड्याने बजावले. कडा एका झेपेत शेकडो मीटर खाली कोकणात उतरतो. मागे वळले की शिवसागराचे पाणी झाडीतून चमकते. माथ्याच्या या बाजूला पडलेला थेंब कोकणात जाणार, त्या बाजूला पडलेला जलाशयात. मुलगा दोन्हींकडे आळीपाळीने पाहत राहिला.

काठावरचे दोघे

इकडे काठावर, पाण्याशेजारच्या एका सपाट खडकावर, दोन म्हातारे बसले होते. पाणी नुकतेच उतरू लागले होते आणि ओल्या मातीची तांबडी पट्टी उघडी पडली होती. आजोबांनी २०१९ची सारी हकीकत सांगितली. साखर, गूळ, वह्या. आठ दिवस बंद असलेली पेठ, कुजलेल्या धान्याचा वास, चिखल उपसणारी माणसे. तात्या मध्ये एक शब्द न बोलता ऐकत होते.

मग ते म्हणाले, “लई वाईट झालं शेठ. आमचं बी घर पाण्यातच गेलं. तुमचं पाणी आठ दिसांनी उतरलं. आमचं उतरायचं राहिलंय अजून.”

त्यांच्या बोलण्यात तक्रार नव्हती. उन्हाळ्यात पाणी खूप खाली गेले की देवळाचे जोते उघडे पडते, तेव्हा घरची माणसे होडीने जाऊन नारळ वाहून येतात, असेही त्यांनी सांगितले. ते दहा वर्षांचे होते तेव्हा गाव सुटले. आपल्या बैलाने मागे फिरायचा हट्ट कसा धरला होता, ते त्यांना अजून आठवत होते.

आजोबा बराच वेळ पाण्याकडे पाहत राहिले. त्यांच्या मनातल्या वहीत कोयनेच्या नावे एकच नोंद होती, २०१९चे नुकसान. जमेच्या बाजूला त्यांनी कधी काही लिहिलेच नव्हते. जी साखर त्या पुरात विरघळली, तिचा ऊस याच नद्यांच्या पाण्यावर पिकला होता. ज्या विजेवर गिरण्या आणि कारखाने चालले, तीही या पाण्याची होती. आणि त्या जमेचे मूळ भांडवल घातले होते ते समोर बसलेल्या माणसाने, कोणी त्याला न विचारता.

“तात्या,” ते शेवटी म्हणाले, “हा हिशोब आम्हाला कोणी दाखवलाच नव्हता.”

“दाखवून काय व्हणार शेठ,” तात्या म्हणाले. “तुम्ही बघायला आला, ते बरं झालं.”

सूर्यास्तापूर्वी

चौघे खाली उतरले तेव्हा साडेतीन वाजले होते. चौकीवर पुन्हा मोजणी झाली. एक नग कमी भरला. नातवाने चिक्कीचे वेष्टन खिशात ठेवले होते, ते वाटेत कोठेतरी पडले असावे. मुलगा दंड भरायला निघाला होता, पण वाटाड्याने नातवाकडे पाहिले. “चल, आपण शोधून येऊ.” पहिल्या ओढ्याच्या अलीकडे ते सापडले. परत आल्यावर नातवाने ते वनरक्षकाच्या टेबलावर ठेवले आणि नोंद पुरी झालेली स्वतः पाहिली.

घरी रात्रिभोजन वर्ज्य होते. त्यामुळे संध्याकाळचा डबा काठावरच उघडला गेला. थेपले, मेथीचा चुंदा, कोरडी डाळ, दशम्या आणि घरून आणलेले उकळून गाळलेले पाणी. वाटाड्या आणि तात्यांसह सारे एका पंगतीत बसले. जेवण झाल्यावर एक कणही मागे राहू नये म्हणून सुनेने जागा पुसून घेतली. होडी निघाली तेव्हा सूर्य वासोट्याच्या माथ्याकडे कलला होता. तात्यांनी बोट दाखवले, त्या ठिकाणी या वेळी आजोबांनी आपणहून हात जोडले.

त्यानंतरच्या जुलैत पावसाने जोर धरला. पेठेत नेहमीचे आकडे फिरू लागले. आजोबांनी फोन उचलला आणि बामणोलीला लावला.

“तात्या, तुमच्याकडं पाणी कुठवर आलंय?”

तात्यांनी सांगितले. कोणत्या झाडापर्यंत, कोणाच्या पायरीपर्यंत. मग त्यांनी विचारले, “शेठ, पोती वर घेतली का?”

जाणाऱ्यांसाठी

वासोटा पावसाळ्यात बंद असतो. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. वनखात्याचा प्रवेश परवाना आवश्यक असून शुल्क आणि वेळा बदलत असल्याने निघण्यापूर्वी चौकशी करावी. बामणोलीहून सकाळी लवकर होडी घ्यावी, कारण जंगलात मुक्कामास परवानगी नाही आणि दुपारनंतर परतावेच लागते. वाटाड्या अवश्य सोबत घ्यावा. बूट पकड असलेले, कपडे मातकट किंवा हिरवे, अंगाला अत्तर नको. जंगलात चूल पेटवण्यास मनाई आहे, म्हणून दोन्ही वेळचे कोरडे जेवण आणि पाणी घरूनच न्यावे. थंडीत सहाच्या सुमारास सूर्य मावळतो. चौविहार पाळणाऱ्यांनी संध्याकाळचा डबा होडीत बसण्यापूर्वीच उरकावा. ज्यांना चढ झेपणार नाही, अशा वडीलधाऱ्यांनाही जरूर न्यावे. काठावर बसायला जागा आहे आणि बोलायला माणसे आहेत.